श्रम आणि मुक्ती
केडगावच्या मुक्तिसदनातील रोजच्या कामाचा इतिहास



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक पैनगंगा ओलांडून येतो आणि तेलंगणातील आदिलाबादेत त्याचे मराठी ऐकायला एवढा समुदाय जमतो, याचे नवल परक्याला वाटेल, आपल्याला वाटणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ साली तेलंगणात आला. सरहद्दीची रेघ अशी सरकत राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना कापूस मात्र एकच पिकतो आणि तो वेचणाऱ्या बायकांच्या तोंडी गोंडी, तेलुगू आणि मराठी आलटूनपालटून येतात.

रोजच्या कामात अर्थ आणि आनंद कसा सापडतो, याविषयी ख्रिस्ती विचार काय सांगतो, हा आजचा विषय. मी धर्मोपदेशक नाही आणि तत्त्वज्ञही नाही. माझे आयुष्य मराठी गद्य वाचण्यात आणि शिकवण्यात गेले. त्या वाचनात एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मराठी लेखकांशी माझा दीर्घ सहवास घडला. म्हणून हा विषय मी इतिहासाच्या वाटेने मांडणार आहे. कामाविषयी सुंदर वचने सर्वच धर्मांत आहेत. ती वचने कोणा माणसांनी एका ठिकाणी, भुकेच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत कशी जगून पाहिली, हे पाहणे अधिक बोधप्रद ठरते. असे एक ठिकाण मराठी मुलखात आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच.

शास्त्रातील काम

केडगावला जाण्यापूर्वी रमाबाईंच्या हाती असलेल्या ग्रंथात कामाविषयी काय आहे, ते थोडक्यात पाहू. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव मनुष्याला बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. हे घडते ते पतनाच्या आधी. काटेकुसळे आणि कपाळाचा घाम त्यानंतर येतात. या क्रमाला फार महत्त्व आहे. काम हा शाप आहे, असे त्या कथेचे म्हणणे नाही. काम ही मुळातली देणगी असून त्यात शिरलेले कष्ट आणि नैष्फल्य ही तिची बिघडलेली अवस्था आहे, असे ती सुचवते. म्हणून ख्रिस्ती विचार कामाचा गौरव करतो, पण कामातील दुःख नाकारत नाही.

पुढे दहा आज्ञांत विसाव्याची आज्ञा येते. तो विसावा केवळ घरधन्याला नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि दारातला परका या सर्वांना तो सांगितला आहे. नव्या करारात येशू सुताराच्या घरात वाढतो आणि स्वतः सुतारकाम करतो. ‘हा सुतारच ना?’ या अर्थाचा प्रश्न त्याच्या गावकऱ्यांनी केला, तो कौतुकाने नव्हे. सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत त्याने उपदेशाला आरंभ केला नाही, असे लूक सांगतो. म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला देवाचा पुत्र मानतात, त्याच्या आयुष्याचा मोठा भाग एका खेड्यातील प्रसिद्धी नसलेल्या श्रमात गेला. संत पौलाने करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरले.

या धाग्याची टोके पुढे दूरवर सापडतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठातील ब्रदर लॉरेन्स हा आचारी चुलीपुढच्या कामात आणि प्रार्थनेत भेद मानीत नसे. इंग्लंडात चपला शिवणारा विल्यम कॅरे बंगालमध्ये श्रीरामपूरला आला. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८१० साली कोश सिद्ध केला. आपल्याकडे तर हा विचार परका नव्हताच. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, दळणकांडण करणारी जनाबाई यांनी आपापला धंदा सोडून देव शोधला नाही. ख्रिस्ती विचार मराठी मनात रुजू पाहत होता, तेव्हा त्यासाठी जमीन अशी नांगरलेली होती.

भुकेने शिकवलेला धडा

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. पुढे घर मोडले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाईंनी या दिवसांविषयी पुढे लिहिले, त्यात एक कबुली फार मोलाची आहे. अंगमेहनतीचे काम करण्यास किंवा भीक मागण्यास आपला अभिमान आड येत होता आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याचा कोणताही व्यवहारी धंदा आपल्याला येत नव्हता, असे त्या सांगतात. अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेली मुलगी उपाशी होती, कारण तिच्या हातांना काही करता येत नव्हते.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विवाह, वैधव्य, पुण्यातील आर्य महिला समाज हे टप्पे वेगाने आले आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनमधील फुलम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी ज्या मायेने वागवीत आणि कामाला लावीत, ते पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. कोणत्या श्रद्धेतून ही वागणूक येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. म्हणजे रमाबाईंच्या धर्मविचाराच्या उगमाशी सिद्धान्तापेक्षा एक कामाची जागा उभी आहे. नंतर अमेरिकेत त्यांनी बालोद्यानाचे शिक्षण घेतले आणि १८८९ साली तेथील लोकस्थितीवर मराठीत एक मोठे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

केडगाव

अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती संपल्यावर काय, या विचाराने रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणवल्या आणि फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो मध्य प्रांतात भीषण होता. आपल्याकडून वर्धा-प्राणहिता ओलांडली की जो चांदा जिल्हा लागतो, तोही तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तेथे एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि १८९८ साली मुक्तिसदन स्थापन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे दोन वेळची चार हजार ताटे. दळण, कांडण, भाकऱ्या, पाणी, धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, गुरांचे चारापाणी, बागेचे शिंपण हे सर्व रोज. १९०५ साली मुक्तिसदनात झालेली प्रार्थनाजागृती जगभर गाजली आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याच वर्षी तेथली जातीही तितकीच फिरत होती, इकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. मुली सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसत, शाळेत शिकत आणि ठरलेल्या वेळी कामाला जात. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, दोर वळणे, दूधदुभते, शेती असे उद्योग तेथे होते. ज्या स्त्रीला घरात ‘खाणारे तोंड’ म्हटले गेले होते, तिच्या हातचे धान्य आणि कापड आता दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. माझ्या मते कामातील अर्थाची पहिली खूण हीच आहे. आपल्या कामाची कोणाला तरी गरज आहे, हे करणाऱ्याला दिसले पाहिजे.

खिळे जुळवणाऱ्या बायका

मुक्तिसदनातील एका उद्योगापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तो माझ्या भाषेच्या घरातला आहे. तो म्हणजे तेथील छापखाना. मुली तेथे जुळारी झाल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नसेल, म्हणून सांगतो. देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक घरे लागतात. स्वर, व्यंजने, जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार यांचे शिशाचे खिळे वेगवेगळे. प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटे असते. जुळाऱ्याने हस्तलिखितावर डोळा ठेवून एकेक खिळा उचलायचा, ओळ भरायची, ओळींतले अंतर सारखे करायचे, मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि छपाई झाली की तेच सारे खिळे पुन्हा आपापल्या घरात सोडायचे. एक मात्रा गळाली की ‘देव’चा ‘दव’ होतो. हे काम घाईचे नाही आणि कौतुकाचेही नाही. छापलेले पान वाचणाऱ्याला जुळाऱ्याची आठवण होते ती केवळ चूक दिसली तर.

या छापखान्यापुढे रमाबाईंनी जे काम ठेवले, ते संपूर्ण बायबलचे होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या उतारवयात शिकल्या आणि सुमारे अठरा वर्षे भाषांतर करीत राहिल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी सामान्य स्त्रीला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द जाणूनबुजून बाजूला ठेवावेत, हा मराठी गद्याच्या इतिहासातील विलक्षण प्रसंग आहे. विद्वानांना हे भाषांतर अती शब्दनिष्ठ वाटले आणि वाङ्मय म्हणून त्याला मर्यादा आहेत, हे मलाही मान्य आहे. पण त्यामागची दृष्टी पाहा. नुकतीच अक्षरे शिकलेली, दुष्काळातून आलेली बाई वाचक म्हणून डोळ्यांपुढे होती आणि तिच्याचसारख्या दुसऱ्या बायकांचे हात ते अक्षर जुळवीत होते. लेखिका, जुळारी आणि वाचक यांच्यात एवढे थोडे अंतर असलेला दुसरा ग्रंथ मराठीत मला माहीत नाही.

१९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. हैदराबाद संस्थानातील गुलबर्ग्याला १९१२ साली रमाबाईंनी जी शाळा काढली, तिची मुख्याध्यापिका मनोरमाच होती. म्हणजे ज्या संस्थानात तेव्हा आपला जिल्हाही होता, तेथपर्यंत या कामाचा हात पोहोचला होता. मुलीच्या मृत्यूनंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून झाला तो १९२४ साली, त्यांच्या पश्चात. पेरणाऱ्याने पीक पाहिलेच पाहिजे असा आग्रह या कामात नव्हता. फळाची आसक्ती सोडावी, हे गीतेचे सांगणे आपल्या परिचयाचे आहे. ख्रिस्ती विचारात फळाची मागणी मोकळेपणाने केलेली असते, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहेच. मात्र फळ कधी आणि कोणाच्या हाती पडावे, हे देणाऱ्यावर सोपवलेले असते.

दोन आक्षेप

इतिहास सांगताना त्याची अवघड बाजू झाकणे योग्य नव्हे. १८९३ साली शारदासदनातील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढीवरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच उभे राहिले. जिला जाण्यासाठी दुसरे घर नाही, तिची श्रद्धा आणि तिचे श्रम कितपत स्वखुशीचे म्हणावेत, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो आजही विचारण्यासारखा आहे. एक मात्र नोंदवले पाहिजे. तेथे श्रमाबरोबर अक्षरही दिले जात होते आणि शिकलेल्या मुली पुढे शिक्षिका, परिचारिका होऊन बाहेर पडत होत्या. केवळ राबवून घेणारा कधी अक्षर शिकवीत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो सर्वच धर्मांना लागू आहे. कामात आनंद माना, हा उपदेश बहुधा कामाचा मोबदला कमी देणारा माणूसच करतो. उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला ‘आनंदाने वेच’ असे सांगणे सोपे आहे, तिची मजुरी वाढवणे कठीण आहे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे ओरखडतात, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही नसते. बायका गात गात दळीत, म्हणून दळण सुखाचे होते असे कोणी समजू नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्यांत देवाचे नाव आहे तसे सासुरवासाचे रडणेही आहे.

या आक्षेपाला बायबलमध्येच उत्तर आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. येशूच्या एका दृष्टान्तात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. दिवसभर राबलेले कुरकुरतात. हिशोबाने पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण उशिरा आलेल्या मजुराच्या घरीही पोरांना तेवढीच भाकर लागते, हे धन्याने जाणले होते. माणसाचे मोल त्याच्या कामाच्या तासांवरून ठरत नाही, असा या दृष्टान्ताचा मी अर्थ घेतो.

मुक्तिसदनाची खरी परीक्षा मला येथे होताना दिसते. तेथे आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन होते आणि म्हाताऱ्या, दुबळ्या बायकांसाठी प्रीतिसदन होते. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई, त्यांच्या हातांना जमेल ते काम दिले जाई. प्रीतिसदनातील म्हातारीकडून कोणते उत्पन्न येणार होते? तरीही तिचे ताट वाढले जात होते. जेथे काम न करू शकणाऱ्याला मान आहे, तेथेच काम करणाऱ्याला आनंद मिळू शकतो, कारण आपण थकलो, पडलो, तरी टाकले जाणार नाही, ही खात्री त्याला असते. ही खात्री नसेल तर काम म्हणजे भय. माणसाची किंमत आधी आणि काम नंतर, हा क्रम ज्याने उलटा केला, त्याने कामाचे कितीही गोडवे गायिले तरी ते ऐकणाऱ्याला टोचतात. केडगावच्या इतिहासातून मी जे घेतले, ते एवढेच.

आपल्या अंगणात

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. कोमरम भीम यांच्या १९४० च्या बलिदानानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला येथे पाठवले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके तेथे देवनागरीत तयार झाली, कारण मराठीमुळे ती लिपी या भागातील गोंडांच्या ओळखीची होती. हे काम धर्मप्रचाराचे नव्हते आणि मीही ते तसे रंगवणार नाही. पण केडगावच्या छापखान्याशी त्याचे नाते मला जाणवते. दोन्हीकडे कोणीतरी बसून, ज्यांना आजवर कोणी वाचक मानले नव्हते त्यांच्यासाठी अक्षर न् अक्षर जुळवले. हायमेनडॉर्फ यांची पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईलाच आहे.

ख्रिस्ती संस्थाही येथे आल्या. १९६२ साली चांदा येथे केरळच्या सीरो-मलबार परंपरेचे धर्मक्षेत्र स्थापन झाले, त्यात आदिलाबादचा समावेश होता. १९९९ साली आदिलाबादचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या त्यांच्या भगिनींचा दिवस फळे पुसण्यात, जखमा धुण्यात आणि वह्या तपासण्यात जातो. त्याची बातमी होत नाही. निर्मळचे नक्काश पोणकी लाकडाचे फळ कोरतात, चिंचोक्याच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि रंग देतात. खेळणे घेऊन जाणाऱ्याला कारागिराचे नाव क्वचितच ठाऊक असते. धर्म कोणताही असो, चांगल्या कामाचे हे लक्षण सर्वत्र सारखे आहे. ते बिनबोभाट होते आणि दुसऱ्याच्या हातात पोहोचते.

माजी विद्यार्थ्यांना मी एक विनंती करतो. ज्या शाळेने आपल्याला घडवले, तिच्यात रोज पहाटे झाडलोट करणारे, घंटा देणारे, माध्यान्ह भोजन शिजवणारे हात आहेत. स्मृतिव्याख्यानात आपण विद्वानाला शाल देता, ती मी नम्रपणे स्वीकारतो. पण शाळेच्या वार्षिक वृत्तान्तात गुणवंतांच्या यादीशेजारी या माणसांचीही नावे छापा. त्यांची मजुरी वेळेवर मिळते की नाही, याची चौकशी समितीच्या बैठकीत करा. आजारपणात त्यांचे काय होते, हेही विचारा. मुक्तिसदनातील जुळारी बायकांपैकी बहुतेकींची नावे इतिहासाला सांगता येत नाहीत. आपल्या शाळेच्या बाबतीत तरी पुढच्या अभ्यासकावर ती वेळ येऊ नये.

रमाबाईंनी आपल्या सदनाला ‘मुक्ती’ असे नाव दिले. आपल्या परंपरेत मुक्ती म्हणजे कर्माच्या फेऱ्यातून सुटका. केडगावला त्या नावाखाली घाणे फिरत होते, माग चालत होते आणि खिळे जुळत होते. कामातून सुटणे एवढाच मुक्तीचा अर्थ नाही, कामाला निर्भयपणे हात घालता येणे हाही तिचा अर्थ आहे, हे त्या बायकांनी मराठी भाषेला शिकवले. माझ्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्याला त्यांचे हे ऋण मोठे वाटते.